भ्रमणध्वनीवर दिसणारी शिळी पृष्ठे : महाविद्यालयीन संकेतस्थळांच्या संदर्भात 'कॅश'चा विचार
(विशेष संदर्भ : बुलढाणा जिल्हा)

सारांश :
महाविद्यालयाने संकेतस्थळावरील सूचना बदलली तरी विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीवर जुनीच सूचना दिसत राहते, हा अनुभव आता बहुतेक महाविद्यालयांच्या कार्यालयांना परिचित आहे. त्याचे कारण पुष्कळदा विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणात शोधले जाते. प्रस्तुत लेखात या घटनेमागील 'कॅश' नावाच्या यंत्रणेचे स्वरूप, दोष नेमका कोठे आहे हे ओळखण्याच्या पद्धती आणि त्यावरील उपाय यांची चर्चा केली आहे.

बीजशब्द : कॅश, संकेतस्थळ, भ्रमणध्वनी, ताजेपणाची मुदत, पुनर्पडताळणी.

प्रस्तावना :
बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. घाटावरील चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि घाटाखालील खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद, संग्रामपूर या भागांतील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यांतील मोठा विद्यार्थिवर्ग आसपासच्या खेड्यांतून येतो. एस. टी.च्या वेळेवर ज्याचा दिवस अवलंबून असतो, त्याला सूचनाफलक पाहण्यासाठी रोज तालुक्याला येणे परवडत नाही. म्हणून महाविद्यालयाचे संकेतस्थळ हाच त्याचा सूचनाफलक होय आणि ते पाहण्याचे साधन म्हणजे खिशातील भ्रमणध्वनी. संगणक फार थोड्या घरांत असतो.

अशा स्थितीत पुढील प्रसंगाची कल्पना करावी. एका महाविद्यालयाने प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळापत्रकाचे पृष्ठ १ मार्च रोजी संकेतस्थळावर ठेवले. एका विद्यार्थिनीने ते १० एप्रिलला आपल्या भ्रमणध्वनीवर प्रथम पाहिले. त्यात तिची परीक्षा १५ एप्रिलला होती. ११ एप्रिलला काही कारणाने ती परीक्षा १३ एप्रिलवर आणली गेली आणि त्याच पृष्ठावर बदल करण्यात आला. १२ तारखेला तिने खात्री करून घेण्यासाठी व्हॉट्सॲपवरील दुव्यावरून तेच पृष्ठ पुन्हा उघडले. तिला १५ तारीखच दिसली. ती १३ तारखेला आली नाही. विभागप्रमुखांनी विचारले, 'संकेतस्थळ पाहिले नाही का ?' तिने पाहिले होते. वरील तारखा उदाहरणादाखल घेतल्या असल्या तरी सहज घेतलेल्या नाहीत. हे असेच घडेल हे गणिताने सांगता येते. ते गणित पुढे येईल.

'कॅश' म्हणजे काय ?
मराठीत 'कॅश' म्हटले की रोकड आठवते. येथील शब्द वेगळा आहे. तो फ्रेंच भाषेतून आला असून त्याचा मूळ संबंध 'लपवून ठेवणे' या क्रियेशी आहे. एकदा आणलेली वस्तू पुन्हा लागेल म्हणून हाताशी ठेवलेली जागा, असा त्याचा आशय. मराठीत 'तात्पुरता साठा' असे म्हणता येईल. लेखात पुढे 'साठा' व 'कॅश' हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत.

भ्रमणध्वनीतील ब्राउझर एखादे पृष्ठ प्रथम उघडतो तेव्हा त्याची प्रत सर्व्हरकडून आणतो आणि दाखवतानाच एक प्रत स्वतःजवळ ठेवतो. पुढच्या वेळी तोच पत्ता मागितला गेला की सर्व्हरकडे जायचे की जवळचीच प्रत दाखवायची, हा निर्णय त्याला करावा लागतो. शेतकऱ्याच्या घरातील सात-बाराच्या उताऱ्याशी याची तुलना करता येते. उतारा ट्रंकेत असतो. बँकेत द्यायचा झाला तर प्रश्न पडतो की मधल्या काळात एखादा फेरफार तर झाला नाही ना ? तीन मार्ग संभवतात. उतारा गेल्याच आठवड्यातील असेल तर तोच द्यावा. शंका असेल तर तलाठ्याकडे (ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) शेवटच्या फेरफाराचा क्रमांक विचारावा. तोच क्रमांक असेल तर नवा उतारा काढण्याचे कारण नाही. क्रमांक बदलला असेल तर मात्र नवा उतारा घ्यावा.

ब्राउझर नेमके हेच तीन मार्ग वापरतो. पृष्ठासोबत सर्व्हरने 'कॅश-कंट्रोल' या शीर्षकाखाली 'मॅक्स-एज' ही मुदत सेकंदांत दिलेली असते. मुदत संपेपर्यंत ब्राउझर कोणालाही न विचारता जवळची प्रत दाखवतो. मुदत संपल्यावर तो 'ई-टॅग' नावाची खूण किंवा शेवटच्या बदलाची तारीख सर्व्हरला कळवतो. ई-टॅग म्हणजे पृष्ठाचा फेरफार क्रमांकच. बदल नसेल तर सर्व्हर ३०४ या क्रमांकाचे लहानसे उत्तर देतो, पृष्ठ पुन्हा पाठवत नाही. बदल असेल तर २०० या क्रमांकासह नवे पृष्ठ येते. दुसऱ्या मार्गाला 'पुनर्पडताळणी' म्हणता येईल.

ही व्यवस्था मुळात उपकारक आहे हे लक्षात ठेवले पाहिजे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, जेथे भ्रमणध्वनीचा संपर्क अनेकदा क्षीण असतो, तेथे महाविद्यालयाचे बोधचिन्ह, छायाचित्रे व मांडणीच्या संचिका प्रत्येक वेळी नव्याने आणाव्या लागल्या तर पृष्ठ उघडणारच नाही. म्हणून 'कॅश बंदच करून टाका' हा जो सल्ला अनेकदा दिला जातो, तो आजार घालवण्यासाठी रोग्याचे जेवण बंद करण्यासारखा आहे.

मुदत न दिल्यास काय होते ?
या संपूर्ण विषयातील सर्वांत कमी माहीत असलेली आणि सर्वांत जास्त त्रास देणारी बाब येथे आहे. अनेक संकेतस्थळांवर मुदत सांगितलेलीच नसते. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याने ती ठेवली नाही आणि महाविद्यालयाने ती मागितली नाही. मुदत नाही म्हणजे ब्राउझर दर वेळी सर्व्हरला विचारेल, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. मुदत नसेल तर ब्राउझर ती स्वतः ठरवतो.

हे ब्राउझर मनाने करत नाहीत. १९९९ च्या एचटीटीपी प्रमाणकात (आरएफसी २६१६) आणि आज लागू असलेल्या जून २०२२ च्या प्रमाणकात (आरएफसी ९१११) या अंदाजाला मुभा आहे. पृष्ठ शेवटचे बदलल्याला जितका काळ झाला असेल त्याच्या साधारण दहा टक्के काळ ते ताजे मानावे, असे प्रमाण तेथे उदाहरणादाखल सुचवले आहे आणि क्रोम व फायरफॉक्स यांनी तेच स्वीकारले आहे. फायरफॉक्सने त्यावर एका आठवड्याची कमाल मर्यादा घातली आहे. त्यामागील तर्क असा की जे पृष्ठ बरेच दिवस बदलले नाही ते आणखी काही दिवस बदलणार नाही.

आता वरील प्रसंगातील गणित मांडता येईल. १ मार्चला ठेवलेले पृष्ठ १० एप्रिलला ४० दिवसांचे झाले होते. त्याचे दहा टक्के म्हणजे ४ दिवस. अर्थात १० एप्रिलला आणलेली प्रत १४ एप्रिलपर्यंत ताजी समजली गेली. १२ तारखेला विद्यार्थिनीने पृष्ठ उघडले तेव्हा तिच्या भ्रमणध्वनीने सर्व्हरला काही विचारलेच नाही. सर्व्हरच्या नोंदवहीत त्या दिवशी तिच्या भेटीची नोंदही सापडणार नाही. यातून निघणारी गोष्ट विलक्षण आहे. जे पृष्ठ जितके अधिक काळ स्थिर राहिले, तितकी त्यातील अचानक केलेली दुरुस्ती लोकांपर्यंत उशिरा पोहोचते. वर्षभर न बदललेले प्रवेश-शुल्काचे पृष्ठ बदलले तर जुनी प्रत महिन्याहूनही अधिक काळ 'ताजी' म्हणून मिरवू शकते.

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला होणारी घटमांडणी जिल्ह्याला परिचित आहे. तेथे निदान भाकीत सर्वांसमोर जाहीर केले जाते. ब्राउझरचे भाकीत कोणी जाहीर करत नाही, आणि ते चुकले हे कळायला परीक्षेचा दिवस उजाडावा लागतो.

हा अंदाज प्रामुख्याने स्थिर संचिकांना लागू पडतो, कारण अपाचेसारखा सर्व्हर साध्या एचटीएमएल पृष्ठाला किंवा पीडीएफला शेवटच्या बदलाची तारीख आपोआप जोडतो. वर्डप्रेसमधून त्या-त्या वेळी घडवली जाणारी पृष्ठे सामान्यतः ही तारीख पाठवत नाहीत. तेथील दोष वेगळ्या ठिकाणी असतो.

साठा एकच नसतो
पृष्ठ सर्व्हरपासून वाचकाच्या डोळ्यांपर्यंत येताना वाटेत अनेक कोठ्या असतात. वर्डप्रेसच्या संकेतस्थळांवर पृष्ठे जलद उघडावीत म्हणून डब्ल्यूपी सुपर कॅश, डब्ल्यू३ टोटल कॅश, लाइटस्पीड कॅश यांसारखी जोड-साधने बसवलेली असतात. ती तयार पृष्ठाची प्रत सर्व्हरवरच ठेवतात. त्यांतील काही साधनांत भ्रमणध्वनीसाठी वेगळा साठा ठेवण्याची सोय असते. नवी सूचना टाकल्यावर संगणकाचा साठा पुसला गेला आणि भ्रमणध्वनीचा राहिला, तर एकाच पत्त्यावर दोन तारखा नांदतात.

येथे एक खोच आहे. ही साधने प्रवेश-नाव वापरून आत आलेल्या व्यक्तीला सहसा साठ्यातील प्रत दाखवत नाहीत. त्यामुळे ज्या लिपिकाने किंवा प्राध्यापकाने सूचना टाकली त्याला ती नेहमी ताजीच दिसते. तो प्रामाणिकपणे सांगतो की 'माझ्याकडे बरोबर आहे'. विद्यार्थीही प्रामाणिकपणे सांगतो की त्याच्याकडे जुनीच आहे. दोघेही खरे बोलत असतात आणि वाद मात्र वाढतो. सूचना टाकणाऱ्याने बाहेर पडून, स्वतःच्या भ्रमणध्वनीवर, महाविद्यालयाचे वाय-फाय बंद ठेवून ती पाहण्याची सवय लावली तर निम्मे तंटे मिटतील.

यापुढील कोठी म्हणजे वितरण-जाळे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या अकामाय या कंपनीने हा व्यवसाय रूढ केला. लहान संकेतस्थळांसाठी क्लाउडफ्लेअर बरेच वापरले जाते. त्याच्या मूळ मांडणीत एचटीएमएल पृष्ठे साठवली जात नाहीत, परंतु चित्रे, मांडणीच्या संचिका आणि पीडीएफ साठवल्या जातात. महाविद्यालयांच्या सूचना बहुधा पीडीएफ स्वरूपातच असतात, हे येथे महत्त्वाचे. पृष्ठावरील मजकूर नवा आणि त्यातील दुव्यामागची पीडीएफ जुनी, असा चमत्कारिक प्रकार यातून घडतो.

सर्व्हर बदलला असेल तर डीएनएसचाही साठा असतो. नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी ही नोंद सेवादात्याकडे ठरावीक काळ राहते. ८६,४०० सेकंदांची मुदत असेल तर एक दिवस. तेवढ्या काळात काही जण नव्या सर्व्हरवर तर काही जण जुन्या सर्व्हरवर पोहोचतात. स्थलांतराच्या एक-दोन दिवस आधी ही मुदत पाच मिनिटांवर आणणे एवढाच त्यावर उपाय आहे, आणि तो आधीच करावा लागतो.

भ्रमणध्वनीचे स्वतःचे काही विशेष आहेत. संगणकावरील ब्राउझर माणूस संध्याकाळी बंद करतो. भ्रमणध्वनीवरील टॅब महिनोन्‌महिने उघडे राहतात. जुन्या टॅबवर परतताना अथवा 'मागे' जाताना ब्राउझर मुदत न तपासता साठ्यातील प्रत दाखवू शकतो. फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या अनुप्रयोगांत उघडणाऱ्या पृष्ठांचा साठा क्रोमच्या साठ्याहून वेगळा असतो. त्यामुळे क्रोममध्ये साठा पुसूनही तेथे फरक पडत नाही. पूर्वी पृष्ठे आपल्या मध्यवर्ती सर्व्हरवरून आकसून आणणारे ब्राउझर लोकप्रिय होते. त्यांपैकी यूसी ब्राउझरवर जून २०२० मध्ये भारतात बंदी आली आणि क्रोमची डेटा वाचवणारी 'लाइट' पद्धत मार्च २०२२ मध्ये बंद झाली. ऑपेरा मिनीमध्ये मात्र अशी सोय आजही आहे.

काही संकेतस्थळे भ्रमणध्वनीच्या पहिल्या पडद्यावर चिन्ह ठेवण्याची सोय देतात. त्यांत 'सर्व्हिस वर्कर' ही लहान आज्ञावली असते. ती संपर्क नसतानाही पृष्ठ दाखवू शकते, म्हणून उपयुक्त आहे. परंतु 'आधी साठा, मग सर्व्हर' असा क्रम तिच्यात लिहिलेला असेल तर वरील सर्व नियम बाजूला राहतात आणि ती जुनेच दाखवत बसते. सूचनांच्या पृष्ठांसाठी 'आधी सर्व्हर, न मिळाल्यास साठा' असा क्रम हवा.

आणि शेवटचा साठा तांत्रिक नाहीच. तो म्हणजे भ्रमणध्वनीतील 'डाउनलोड्स' ही जागा. तेथे एकाच नावाच्या, पुढे कंसात एक, दोन, तीन असे आकडे लागलेल्या पीडीएफ पडलेल्या असतात. विद्यार्थी त्यांतील कोणतीही उघडतो. सर्व्हरवर कितीही दुरुस्ती केली तरी या प्रतीला त्याचा पत्ता लागत नाही.

दोष कोठे आहे हे ओळखणे
तक्रार आल्यावर 'साठा पुसून टाका' असे सांगणे सोपे असते, पण त्यामुळे कारण कळत नाही. शिवाय एकाचा साठा पुसला तरी उरलेल्या पाचशे जणांचे काय, हा प्रश्न राहतोच. म्हणून आधी कोठी ओळखावी.

पहिली चाचणी खासगी टॅबची. तक्रार करणाऱ्याच्याच भ्रमणध्वनीवर खासगी (इन्कॉग्निटो) टॅबमध्ये तोच पत्ता उघडावा. या टॅबला नेहमीचा साठा वापरता येत नाही. तेथे नवे पृष्ठ दिसले तर दोष त्या भ्रमणध्वनीतील साठ्यात आहे. अशा वेळी पृष्ठ बोटाने खाली ओढून पुन्हा भारले की ब्राउझर सर्व्हरकडे पडताळणी करतो आणि बहुधा काम होते. सर्व्हिस वर्कर असेल तर मात्र त्या संकेतस्थळाची साठवण भ्रमणध्वनीच्या मांडणीतून पुसावी लागते.

खासगी टॅबमध्येही जुनेच दिसले तर विद्यार्थी निर्दोष आहे. आता पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह व एखादा आकडा जोडून तो उघडावा. साठा पत्त्यावरून ठेवला जात असल्याने हा पत्ता बहुतेक कोठ्यांना नवा वाटतो आणि मागणी मूळ सर्व्हरपर्यंत जाते. त्यावर नवे पृष्ठ आले तर दोष जोड-साधनात किंवा वितरण-जाळ्यात आहे. तरीही जुनेच आले, तर सूचना मुळात प्रसिद्धच झालेली नाही किंवा मागणी जुन्या सर्व्हरवर जात आहे, या दोन शक्यता प्रामुख्याने तपासाव्यात. यातील पहिली शक्यता वाटते त्यापेक्षा अधिक वेळा खरी ठरते ! महाविद्यालयाच्या वाय-फायवर एक आणि मोबाईल डेटावर दुसरे दिसत असेल तर डीएनएसचा संशय घ्यावा. ब्राउझरच्या यादीतील 'संगणकीय आवृत्ती' निवडल्यावर नवे दिसत असेल तर भ्रमणध्वनीचा वेगळा साठा हेच कारण होय.

अधिक खोलात जायचे झाल्यास संगणकावरील क्रोमच्या विकसक-साधनांत 'नेटवर्क' या भागात उत्तराची शीर्षके पाहावीत. 'एज' हे शीर्षक असेल तर ती प्रत वाटेतील एखाद्या साठ्यात किती सेकंद पडून होती ते कळते. क्लाउडफ्लेअर असल्यास त्याच्या स्थितीदर्शक शीर्षकात 'हिट' किंवा 'मिस' अशी नोंद असते. संगणकशास्त्र विभागाच्या विद्यार्थ्यांना हे प्रात्यक्षिक म्हणून देण्यासारखे आहे.

उपाययोजना
सर्व पृष्ठांना एकच मुदत देऊ नये. भूगोल विभागाने लोणार सरोवरावर तयार केलेले पृष्ठ महिनाभर साठ्यात राहिले तरी काही बिघडत नाही. उल्केच्या आघाताने झालेले ते विवर एका महिन्यात बदलत नाही. परीक्षा, प्रवेश, शिष्यवृत्ती यांच्या पृष्ठांना मात्र 'कॅश-कंट्रोल : नो-कॅश' ही सूचना द्यावी. हे नाव फसवे आहे. त्याचा अर्थ 'साठवू नका' असा नसून 'साठवा, पण दाखवण्याआधी दर वेळी विचारा' असा आहे. बदल नसेल तर ३०४ चे लहानसे उत्तर येते, त्यामुळे क्षीण संपर्कातही भार पडत नाही. साठवूच नये असे सांगायचे असेल तर 'नो-स्टोअर' ही वेगळी सूचना आहे. गुणपत्रक, शुल्काची पावती, विद्यार्थ्याचे वैयक्तिक खाते यांसाठी तीच वापरावी, कारण एका घरात दोन भावंडांत एक भ्रमणध्वनी असतो. वैयक्तिक पृष्ठे वितरण-जाळ्यात साठवली गेल्यास एकाचे गुण दुसऱ्याला दिसण्याचा धोकाही आहे.

अपाचे सर्व्हरवर या सूचना 'एचटीॲक्सेस' संचिकेत चार ओळींत लिहिता येतात. संकेतस्थळ बाहेरच्या व्यावसायिकाकडून करून घेताना करारात याचा स्वतंत्र उल्लेख करावा. जोड-साधन असल्यास नवी सूचना प्रसिद्ध होताच त्या पृष्ठासह मुखपृष्ठ व सूचना-यादी यांचा साठा पुसला जातो की नाही, हे एकदा तपासून घ्यावे. भ्रमणध्वनीसाठी वेगळे रूप नसून एकच लवचीक मांडणी असेल, तर वेगळा साठा ठेवण्याचे कारणच नाही.

एक मर्यादा मात्र ओळखली पाहिजे. एकदा दिलेली मुदत परत घेता येत नाही. सर्व्हरने काल एखाद्या प्रतीला तीस दिवसांची मुदत दिली आणि आज ती बदलून शून्य केली, तरी कालची प्रत नेलेला भ्रमणध्वनी तीस दिवस विचारायला येईलच असे नाही. जो विचारायलाच येत नाही त्याला नवा नियम सांगणार कोण ? कायमच्या वळवणीचेही (३०१) असेच असते. ब्राउझर ती दीर्घकाळ लक्षात ठेवतो, म्हणून खात्री नसेल तेव्हा तात्पुरती वळवण (३०२) वापरावी. अशा अडकलेल्या प्रतींवर महाविद्यालयाच्या हाती असलेला भरवशाचा मार्ग एकच, तो म्हणजे पत्ता बदलणे.

या दृष्टीने जुन्या संचिकेवर त्याच नावाची नवी संचिका चढवण्याची सर्वत्र दिसणारी पद्धत बंद करणे हितावह ठरेल. दुवे तुटतात म्हणून नाव तेच ठेवले जाते. 'नॅक'ला दिलेल्या दुव्यांच्या बाबतीत ही काळजी रास्तही आहे. तेथे पत्ता तोच ठेवून 'नो-कॅश' द्यावे. सूचनांच्या बाबतीत मात्र प्रत्येक दुरुस्तीला नवे नाव हवे, आणि नाव शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. महाविद्यालयाच्या कार्यालयात जावक नोंदवही असते. प्रत्येक पत्राला तेथे क्रमांक मिळतो आणि वर्षभरात तो पुन्हा वापरला जात नाही. संकेतस्थळावर जाणाऱ्या सूचनेलाही तो क्रमांक द्यावा. संचिकेच्या नावात वर्ष व जावक क्रमांक असावा. सूचनेच्या माथ्यावर तोच क्रमांक, दिनांक व वेळ ठळक छापावी आणि दुरुस्त सूचनेत 'जावक क्र. अमुकची सूचना रद्द' असे स्पष्ट लिहावे. सूचना-यादीच्या पृष्ठाला 'नो-कॅश' असल्याने यादी ताजी राहते, आणि यादीतील प्रत्येक दुवा नवा असल्याने जुनी प्रत आड येत नाही. 'डाउनलोड्स'मध्ये पडलेल्या पीडीएफही मग कंसातील आकड्यांऐवजी आपापल्या जावक क्रमांकाने ओळखता येतात. व्हॉट्सॲप गटावर दुवा पाठवताना संदेशातच हा क्रमांक लिहिला, तर उघडलेल्या पृष्ठावर वेगळा क्रमांक दिसताच विद्यार्थ्याला शंका घेता येते. १२ एप्रिलच्या त्या विद्यार्थिनीला तारीख दिसत होती, परंतु ती कोणत्या सूचनेतील आहे हे कळण्याची सोय त्या पृष्ठावर नव्हती.